वाट पाहायची जागा

माझी थोरली बहीण उभ्यानं जेवते. ताट ओट्यावर ठेवायचं, एक घास घ्यायचा, खिडकीशी जाऊन खाली कोण चाललंय ते बघायचं, मग परत येऊन दुसरा घास. बसची वाट बघत थांब्यावर उभं राहणं तिला जमत नाही. ती चालत पुढच्या थांब्यावर जाते, तिथंही बस दिसली नाही की त्याच्या पुढच्या. बस नेमकी दोन थांब्यांच्या मध्ये तिला मागं टाकून निघून जाते. आमच्या आईनं लहानपणीच तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. इतरांच्या पायाला भिंगरी लागते, ही पोर आधी भिंगरी झाली आणि पाय तिला नंतर फुटले, असं आई म्हणायची.

मी तिचा धाकटा भाऊ आणि स्वभावानं बरोबर उलट. मला खुर्ची आवडते. विद्यापीठाच्या प्रवास विभागात माझी इतकी वर्षं गेली, पण दारावरची पाटी सोडली तर त्या खोलीत प्रवासाचं काही नाही. दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, एक फोन आणि चहा सांडून एका कोपऱ्यातला समुद्र तपकिरी झालेला नकाशा. पदवी मिळूनही शिकायची हौस न फिटलेली संशोधक मुलं डोंगरात, दलदलीत, बंद पडलेल्या खाणींत जातात. त्यांना परवानगी द्यायची, काय न्यायचं, कुठं उतरायचं, कोणाला कळवायचं हे समजावायचं, आणि ती सुखरूप पोचल्याचं कळलं की घरी जायचं, एवढं माझं काम. त्यांच्या प्रवासाचे नियम ठरवायला समिती बसली आणि लिहायला मला बसवलं. मी कधी टेकडीसुद्धा चढलेलो नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

नियम मात्र मन लावून लिहिले. एकट्यानं जायचं नाही, हा पहिला. सोबतच्या माणसाला विषयातलं काही कळत नसलं तरी चालेल, पण त्यानं आधी ठरलेल्या एका ठिकाणी थांबायचं. परवानगीत त्या ठिकाणाचा वेगळा उल्लेख असायचा आणि त्याला मी नाव दिलं होतं, 'वाट पाहायची जागा'. ठरल्या वेळी विद्यार्थी परतला नाही तर सोबत्यानं कळवायचं, पण जागा सोडायची नाही. शोधायला तर मुळीच निघायचं नाही, कारण मग एकाच्या जागी दोघं हरवतात. आणि रोज मुक्कामावर परतल्यावर फोन करायचा. समितीतल्या एक प्राध्यापकबाई म्हणाल्या, किती साधा नियम आहे हा. खुर्चीत बसून दुसऱ्याला 'बसा' म्हणायला साधंच असतं.

नियम झाला, पण दुसरा माणूस आणायचा कुठून? ज्याला त्याला आपापलं संशोधन. मग मुलं एकमेकांची नावं लावायची आणि सोबतीला गेलेली मैत्रीण कँटीनमध्ये भजी खाताना सापडायची. शेवटी विद्यापीठानं ठरवलं, की सोबतीसाठी पगारी माणूसच नेमावा. मी माझ्या बहिणीचं नाव सुचवलं. वशिला लावला का? लावला. आपला तो बाळ्या, हे मी मोकळेपणी मान्य करतो. पण घरी आमचीही काही अडचण होती.

भिंगरीचं लग्न झालं होतं एका घड्याळजीशी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून स्टुलावर बसणारा माणूस. लोक म्हणाले, हे काही टिकायचं नाही. टिकलं, आणि चांगलं टिकलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि ही ती गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायची. पत्ता जितका लांबचा तितकी ही खूश. घरी आली की शहरभरच्या बातम्या त्याला सांगायची आणि तो मान वर न करता हसायचा. तो गेला आणि ती आमच्याकडे आली. तेव्हापासून तिचं फिरणं वाढलं, पण घरी येऊन सांगण्यासारखं तिच्याकडे काही नसायचं. ती जिने चढायची, उतरायची, भाजीसाठी एकदा, मिठासाठी एकदा, विसरलेल्या पिशवीसाठी एकदा. माझी बायको तिच्यावर जीव टाकणारी, पण तीही एकदा म्हणाली, "अहो, ताईंना कुठंतरी लांब पाठवायला पाहिजे हो. इथल्या इथं फिरून त्या झिजतायत."

सोबतीच्या नोकरीनं ती पुन्हा माणसात आली. दलदलीत बेडकांच्या मागं, खाणीत दगडांच्या मागं, जंगलात वटवाघळांच्या मागं. पोरं तिला मावशी म्हणायची. तिच्या पिशवीत सुईदोऱ्यापासून पोटदुखीच्या गोळीपर्यंत सगळं असायचं. फक्त एक गोष्ट तिच्याकडे नव्हती, ती म्हणजे बूड. वाट पाहायच्या जागी तिला सोडलं, की विद्यार्थी दिसेनासा होण्याआधी ही उठलेली. जवळच्या घरात जाऊन कोणाचं पोर खेळवेल, कोणाच्या विहिरीवर पाणी ओढेल, कोणाची शेळी शोधायला जाईल. विद्यार्थी परत यायचे तेव्हा जागा रिकामी. मग ते बिचारे तिथं बसून हिची वाट बघायचे. वाट पाहायला नेमलेल्या बाईची सगळ्या विद्यापीठानं वाट पाहिली. हे पोरं मला हसत हसत सांगत आणि मीही हसत असे, कारण तिचा फोन कधी चुकला नव्हता. सोबत मुलगा असला तरी "आलो दोघी," एवढंच म्हणायची आणि ठेवून द्यायची.

तो फोन कसा यायचा ते मात्र मला फार उशिरा कळलं. मुक्कामावर बहुतेक ठिकाणी रेंज नसते. ती असते वाटेत कुठंतरी, एखाद्या वळणावर, एखाद्या चढावर. दिवसभर भटकताना ते वळण लागलं, की भिंगरी फोन करून मोकळी व्हायची. विद्यार्थी अजून झाडावर असायचा आणि इकडे मी 'आलो दोघी' ऐकून चपला शोधत असायचो. "येणार तर आहोतच ना? मग आधी सांगितलं तर काय बिघडलं?" असं तिचं म्हणणं. आणि पोरांनाही ते सोयीचं होतं, म्हणून कोणी बोललं नाही.

त्या वर्षी तिच्या वाट्याला आली एक गोगलगायींवर संशोधन करणारी मुलगी. देवाला कधीकधी अशी चेष्टा सुचते. मुलगी अगदी हळू. हळू बोलायची, हळू चालायची, माझ्या टेबलासमोर उभी राहिली तर मी मान वर करेपर्यंत खोकायचीसुद्धा नाही. पोरं तिला गोगलगायच म्हणत आणि ती रागावत नसे. दूरच्या एका पठारावर ओल्या दगडांखाली एक बारीकशी गोगलगाय मिळते. ती शोधायची, डबीत घालून मुक्कामावर आणायची, मोजमाप घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी जिथली तिथं नेऊन सोडायची, असं तिचं काम. "दगडसुद्धा होता तसा पालथा घालते रे," भिंगरी मला म्हणाली होती. "बघून मला घाम फुटतो." पण तिचा सूर कौतुकाचा होता. दोघींचं जमलं. घड्याळजीनंतर ऐकून घेणारं कोणीतरी तिला भेटलं होतं.

पठाराच्या पायथ्याशी रस्त्यावर एक लहानसा पूल आहे. त्याचा कठडा ही वाट पाहायची जागा. मुलगी पहाटे वर जायची आणि दुपारच्या जेवणाला खाली पुलावर यायची. पुलापासून थोडं खाली वळणावर एक घर आणि तिथंच रेंज. त्या दिवशी मुलगी वर गेली आणि भिंगरी, अर्थातच, वळणावर गेली. घरातली बाई एकटीच अंगणाच्या भिंतीला चुना देत होती. भिंगरीनं दुसरा कुंचला उचलला. हात चालू असतानाच वेळेचं आठवलं म्हणून मला फोन केला, "आलो दोघी," आणि पुन्हा चुना. भिंत संपेपर्यंत ती काही निघाली नाही. अर्धी भिंत तशीच टाकून येणं तिच्यानं होईना, असं तिनंच मला पुढं सांगितलं.

ती पुलावर परतली तेव्हा कठड्यावर भोकं पाडलेली एक डबी ठेवलेली होती.

मुलगी वेळेवर आली होती. तिनं डबी ठेवली होती, बसून राहिली होती आणि मग मावशी का येत नाहीत म्हणून त्यांना शोधायला निघाली होती. जी गोगलगाईला तिच्या दगडापासून लांब ठेवताना हळहळते, तिनं डबी मागं टाकून जावं म्हणजे ती घाबरलीच असणार. आणि एव्हाना पठारावरून धुकं असं उतरलं होतं, की पुलाच्या एका टोकावरून दुसरं टोक दिसत नव्हतं.

मी त्या वेळी घरी होतो. सुट्टीचा दिवस होता. सुट्टीच्या दिवशीही हे फोन माझ्याकडेच येत. 'आलो दोघी' ऐकून मी आरामखुर्चीत पाय पसरले होते. दुसरा फोन आला तो एका अनोळखी पुरुषाचा.

"प्रवासवाले साहेब का? मी दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर, खालच्या वळणावरून बोलतोय. तिकडं पुलावर एक बाई बसल्यात, त्यांचा निरोप आहे. माझ्याकडून पाठ करून घेतलाय. 'आलो दोघी' म्हटलं ते खोटं होतं. मी एकटीच आहे. पोरगी कुठं गेली ठाऊक नाही, धुकं उतरलंय, माणसं पाठव. मी जागा सोडत नाही."

"त्या स्वतः का नाही बोलत?"

"मी म्हटलं ना, की बसा गाडीत, वळणावर जाऊन बोलून येऊ. तर म्हणाल्या, जागा सोडणार नाही. अजून एक विचारू? त्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना? जेवणाच्या डब्याचं झाकण बडवत बसल्यात."

ती माझी बहीण नसावीच, असं मला क्षणभर वाटलं. मग आरामखुर्चीतून उठलो. वनखात्याच्या चौकीवर फोन केला, विद्यापीठाच्या ड्रायव्हरला जेवणावरून उठवला आणि निघालो. आयुष्यात पहिल्यांदा मी प्रवास विभागाचं नाव सार्थ केलं. पण तो प्रवास मला सांगता येणार नाही. मला बसवत नव्हतं. मी पुढं सरकत होतो, मागं टेकत होतो, काच खाली करत होतो, वर करत होतो. ड्रायव्हर शेवटी म्हणाला, "साहेब, तुम्ही हलल्यानं गाडी जोरात जात नाही." त्या मुलीच्या आईला काय सांगायचं, हे एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा जुळवत होतो आणि ते काही केल्या जुळत नव्हतं. बहिणीचा राग येत होता. इतका की ती समोर असती तर मी काय बोललो असतो देव जाणे. आणि रागाच्या खाली भीती होती, की ती आता तिथं नसेलच. धुक्यात घुसली असेल. तिला ओळखणाऱ्या कोणीही हेच म्हटलं असतं.

वळण संपलं तसा आवाज ऐकू आला. टण्, टण्, टण्. मध्ये थोडं थांबून पुन्हा टण्, टण्, टण्. ड्रायव्हरनं गाडी पार चालीवर आणली आणि आम्ही त्या आवाजाच्या रोखानं पुलावर पोचलो. भिंगरी कठड्यावर बसली होती. हात कोपरापर्यंत चुन्यानं पांढरे. मांडीवर ती डबी. एका हातात डब्याचं झाकण, दुसऱ्या हातात चमचा. आणि तिचा उजवा पाय मफलरनं कठड्याच्या लोखंडी कांबीला बांधलेला होता, चांगल्या दोन गाठी मारून.

"ताई, हे काय?"

"मोकळा असता तर एव्हाना गेले असते," ती म्हणाली. "माझी मला खात्री नाही रे."

गाडीत रागानं जुळवलेलं सगळं मी विसरलो. नुसता तिच्याजवळ उभा राहिलो. आपल्या लिहिण्याचा अभिमान कोणाला नसतो? म्हणून विचारलं, "नियम आठवला का?"

"कसला नियम?" तिनं वैतागून पाहिलं. "मला डबी दिसली. ती पोरगी ही डबी घ्यायला इथं येणारच. आली आणि मी पुन्हा इथं नसले, तर पुन्हा मलाच शोधायला जाईल. एकदा गेली ना माझ्यापायी?" चमचा तेवढ्या वेळातही थांबला नव्हता. टण्, टण्, टण्.

वनखात्याची माणसं पठारावर हाका मारत फिरत होती. त्यांचा म्होरक्या खाली आला आणि म्हणाला, "बाई, जरा वाजवणं थांबवा. पोरीनं ओ दिली तरी आम्हाला ऐकू यायची नाही."

"तुम्ही फिरताय," भिंगरी म्हणाली. "तुमच्या हाका क्षणात इथं, क्षणात तिथं. ती कुठल्या हाकेकडे येणार? मी एकाच जागी आहे. मी नाही थांबवणार."

तो माझ्याकडे बघू लागला. साहेब म्हणून मी काहीतरी बोलावं असं त्याला वाटत होतं. मी ताईच्या बाजूला सरकलो. तो कपाळाला हात लावून वर गेला. मग मी तिला म्हटलं, "दे इकडे, मी वाजवतो. दमली असशील."

"नको. तुझा हात वेगळा. तिला वाटेल दुसरंच कोणी आहे."

मग मी काय करणार? मी पुलावर फेऱ्या मारू लागलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझी बहीण बसली होती आणि मी फिरत होतो. उजेड हळूहळू पिवळा पडत चालला होता. अंधार झाला तर काय, हे आम्ही दोघंही बोलत नव्हतो. एकदाच ती म्हणाली, "तिला सांगायचं होतं रे, की भिंत छान झाली." आणि तोंड फिरवून घेतलं.

काखेत कळसा म्हणतात तसं झालं. सगळी माणसं वर शोधत होती आणि मुलगी आली खालच्या अंगानं. ओढ्याच्या काठी करवंदं पिकलीत, असं मावशी आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या, म्हणून ती त्यांना शोधत ओढ्याकडे उतरली होती. तिथं घसरली. पाय मोडला. धुक्यात वर-खाली कळेना, तेव्हा आवाज आला. आधी तिला वाटलं, कोणाच्या गुराची घंटा असेल. पण घंटा फिरते, हा आवाज जागचा हलत नव्हता. म्हणून ती त्या आवाजाकडे हातांवर आणि एका गुडघ्यावर रांगत आली, तिच्या नेहमीच्या चालीनं, दगडामागून दगड.

रस्त्याच्या कडेला गवत हललं आणि तिचं डोकं वर आलं. चेहरा चिखलानं माखलेला. मला तिनं पाहिलंच नाही. ती कठड्याकडे बघून म्हणाली, "मावशी! सापडलात बाई तुम्ही. किती शोधलं मी तुम्हाला."

भिंगरीच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि ती धावली. पाय बांधलेला आहे हे ती विसरली होती. ती दाणकन रस्त्यावर आपटली, आणि तशीच, पाय कठड्याला आणि अंग रस्त्यावर, हात लांब करून त्या मुलीच्या केसांपर्यंत पोचली. घड्याळजी गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मुलगी तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होती, "असू दे, असू दे. डबी आहे ना?"

डबी होती. मी ती उचलून धरली. माझ्याही डोळ्यांना काही दिसत नव्हतं, आणि ते धुक्यामुळं नव्हतं.

पुढं व्हायचं ते झालं. समितीनं भिंगरीला बोलावलं. मी भाऊ म्हणून मला बाहेर बसवलं, पण दार पातळ आहे. नियम मोडले का, असं विचारल्यावर ती म्हणाली, सगळे. फोनचाही? दरवेळी. अजून कोणी असं करतं का, यावर मात्र तिनं कानावर हात ठेवले. कोणाचं नाव घेतलं नाही. तिला कामावरून कमी केलं. त्यात समितीचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

पण घरी आल्यावर जे सुरू झालं ते मला बघवेना. भिंगरी बसू लागली. सकाळी उठायची आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. भाजीला माझी बायको जाऊ लागली. एका संध्याकाळी बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढत नेलं आणि हळूच म्हणाली, "अहो, ताई पाटावर बसून जेवतात. संपूर्ण जेवण. भाजी वाढायलासुद्धा उठत नाहीत."  इतकी वर्षं तिच्या फिरण्याला नावं ठेवणारे आम्ही, आता तिनं एकदा तरी विनाकारण जिना उतरावा म्हणून तिला सारखं मीठ संपल्याचं सांगत होतो. ती म्हणायची, "उद्या आण रे." तिनं स्वतःला कठड्याला बांधलं होतं आणि ती गाठ सोडायला ती तयार नव्हती.

मुलीचा पाय बरा व्हायला बरेच महिने लागले. मग एके दिवशी काठी टेकत ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. मी मान वर केली तेव्हा किती वेळ उभी होती कोण जाणे.

"पठारावर पुन्हा जायचंय. काम अर्धं राहिलंय," ती म्हणाली. "सोबत मावशी हव्यात."

मी तिला समितीकडे नेलं. प्राध्यापकबाई म्हणाल्या, "अगं, पण त्याच का? त्यांच्यामुळं तुझा पाय मोडला."

मुलीनं नेहमीप्रमाणं बराच विचार केला. "त्या आता जागा सोडणार नाहीत," ती म्हणाली. "बाकीच्यांचं मला माहीत नाही."

समितीनं कुरकुरत का होईना, ऐकलं. एक नवीन नियम तेवढा घातला, की फोनवर दोघांचाही आवाज ऐकू आला पाहिजे. तो लिहिताना मी एक शब्दही सजवला नाही.

भिंगरी तयार होईना. "मी नको. माझा भरवसा नाही," हेच एक. मुलगी घरी आली आणि तिच्या खुर्चीशेजारी बसली. बोलली काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा बसली. गोगलगाय एकदा चिकटली की चिकटली. कितव्या दिवशी कोण जाणे, मी कचेरीतून आलो तर मुलगी खुर्चीत एकटीच बसली होती आणि आतून कपाटं उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता. निघायच्या आदल्या रात्री जेवताना भिंगरीनं ताट ओट्यावर ठेवलं. एक घास घेतला आणि खिडकीशी गेली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.  मला वाटतं, बायकोनं त्या दिवशी एक पोळी जास्तच खाल्ली.

त्या गेल्या. पहिल्या दिवशी दुपार झाली तरी फोन आला नाही. मी स्वतःला समजावलं, की तो इतक्या लवकर यायचाच नाही. आता फोन खरा असतो आणि खरं उशिरा येतं. हे कळत होतं, पण वळत नव्हतं. आधीची ती खोटी हाक किती छान वेळेवर यायची! मी कचेरीतून घरी आलो. चहा झाला, निवला, पुन्हा गरम झाला. बातम्यांत डोंगराकडे धुकं असल्याचं सांगितलं. मी फोन घेऊन खिडकीशी गेलो, तिथून दाराशी, दारातून परत खिडकीशी. बायको काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. वाट पाहायची जागा डोंगरातच असते असं मी लिहिलं होतं. तिला दुसरंही एक टोक असतं, हे मी कुठंच लिहिलं नव्हतं.

फोन वाजला. आधी मुलीचा आवाज, अगदी हळू. "साहेब, मी आले. मावशी जागेवर होत्या."

मग आमची भिंगरी. "अरे, आलो दोघी."

"बसली होतीस?" मी विचारलं.

"बसले होते. फार जड जातं रे," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

मी वळलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती.

"आल्या?"

"आल्या दोघी."

"मग आता तरी बसा," ती म्हणाली. दुपारपासून मी टेकलो नव्हतो.